नगररचना शिकवावी कशी?



घर बांधावयाचें झालें तर माणूस गवंड्याला विचारतो, सुताराला विचारतो, ऐपत असली तर वास्तुविशारदाचाहि सल्ला घेतो. गांव बांधावयाचें झालें तर कोणाला विचारावें, हा प्रश्न मात्र आपल्या समाजाला फार काळ पडला नाहीं. गांव वसतें, शहर वाढतें. त्यांत शिकण्यासारखें व शिकविण्यासारखें काय असावयाचें, अशीच सर्वसाधारण समजूत होती. मुंबईंत 1896 सालीं प्लेग शिरला तेव्हां या समजुतीची किंमत कळली. दोन वर्षांनीं, म्हणजे 1898 सालीं, मुंबईची इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली. तिनें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवे विभाग आंखले. कामें मोठीं झालीं. पण पाडलेल्या वस्तींतील माणसें शेजारच्या वस्तींत शिरून तेथील दाटी वाढवूं लागलीं, हाहि अनुभव त्याच वेळीं आला. पुढें 1915 सालीं मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा झाला. अशा प्रकारचा हिंदुस्थानांतील तो पहिलाच कायदा. जमिनीचे वेडेवांकडे तुकडे एकत्र करावयाचे, ते नीट आंखून मालकांना परत द्यावयाचे, रस्त्यांना व मोकळ्या जागांना लागणारी जमीन त्यांतूनच काढावयाची, आणि जमिनीची जी किंमत वाढेल तिचा कांहीं भाग खर्चासाठीं घ्यावयाचा, अशी त्यांतील योजना होती. ही युक्ति आजहि उपयोगांत आहे.

कायदा झाला, पण त्याचें शास्त्र शिकावें कोठें? जगांत तरी त्याची सोय कितीशी होती! इंग्लंडांत लिव्हरपूल विद्यापीठानें या विषयाचा विभाग 1909 सालीं काढला. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाची नगररचनेची शाळा 1929 सालची. या दोन सालांच्या मध्यें, 1919 सालीं, मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्र व नगरशास्त्र यांचा एक विभाग सुरू केला आणि त्याच्या अध्यासनावर पॅट्रिक गेडीस यांना बोलाविलें. आपल्याकडे नव्या विद्या नेहमीं उशिरां येतात अशी तक्रार ऐकूं येते. ही विद्या तरी उशिरां आली नव्हती. ती आली, पांच वर्षें राहिली, आणि मग विरून गेली. ती कां विरली, आणि आज एखाद्या मुकुटबनसारख्या गांवाला तिची उणीव कशी भासते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गेडीस यांचा जन्म 1854 सालचा, स्कॉटलंडांतला. मुंबईस नेमणूक झाली तेव्हां वय पासष्टाच्या घरांत. म्हणजे आपल्याकडे माणूस काठी टेकीत देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसतो तें वय. मूळ विषय वनस्पतिशास्त्र. डंडी येथील महाविद्यालयांत 1888 पासून 1919 पर्यंत त्यांनीं तोच विषय शिकविला. विशेष असें कीं या गृहस्थांजवळ कोणतीहि पदवी नव्हती. एडिंबरो विद्यापीठांत नांव घालून आठवड्याभरांतच ते बाहेर पडले, आणि लंडनला हक्सले यांच्या हाताखालीं जें शिकले तें परीक्षेवांचूनच. पदवीवांचून पदवीधरांना शिकविणारा प्राध्यापक मुंबई विद्यापीठाला चालला, ही त्या विद्यापीठाला भूषणावह गोष्ट होय. आजच्या नियमावलींत त्यांचा अर्ज पहिल्या छाननींतच गळाला असता.

वनस्पतींच्या अभ्यासकाला शहरांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु त्यांच्या शिकवणुकीचें मूळ तेथेंच आहे. झाड सुकूं लागलें तर जाणता माळी कुऱ्हाड उचलीत नाहीं. आधीं माती उकरून पाहतो, पाणी कोठें मुरतें तें पाहतो, कीड कोणत्या फांदीवर आहे तें पाहतो. शहराकडे गेडीस याच दृष्टीनें पाहत. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं एडिंबरोच्या जुन्या भागांतील एका कळकट इमारतींत पत्नीसह बिऱ्हाड केलें, आणि शेजाऱ्यांना हाताशीं धरून जिने झाडले, भिंतींना चुना दिला, रिकाम्या कोपऱ्यांत झाडें लावलीं. पुढें 1892 सालीं त्याच शहरांत त्यांनीं एक जुना मनोरा घेतला व त्याची शाळा केली. माथ्यावर एक काळोखी खोली होती. तींत भिंगें व आरसा यांच्या योगानें भोंवतालच्या शहराचें हलतें चित्र मेजावर उमटे. आलेल्या माणसाला आधीं तेथें नेत. मग एकेक मजला उतरावयाचा: एडिंबरो, नंतर स्कॉटलंड, इंग्रजी भाषेचे देश, युरोप, आणि अगदीं तळाशीं सारें जग. आपल्या शाळांतून भूगोल पुष्कळदां उलट्या क्रमानें शिकविला जातो. मुलाला आफ्रिकेंतील नद्या पाठ असतात, आणि घरामागच्या ओढ्याचें पाणी कोठें जातें तें ठाऊक नसतें.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडीस 1914 सालीं हिंदुस्थानांत आले. त्यांनीं अनेक वर्षें जमविलेलें नगरांचें प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रें, आराखडे, मागून दुसऱ्या जहाजानें येत होतें. तें जहाज 'एम्डेन' या जर्मन लढाऊ जहाजानें बुडविलें. मित्रांनीं इकडून तिकडून नवा संच जमवून पाठविला आणि 1915 च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन भरलें. त्यानंतर गांवोगांवचीं बोलावणीं येऊं लागलीं. दक्षिणेंत तंजावर-मदुरा, आपल्या बाजूला ठाणें-वांद्रें, गुजराथेंत सुरत-अहमदाबाद, उत्तरेंत लखनौ-लाहोर, अशीं कितीतरी नगरें त्यांनीं पायांखालीं घातलीं. तंजावर हें आपल्या भोसल्यांचें गांव. तेथील दाट वस्तींतून सरळ रुंद रस्ते काढण्याचा बेत होता. म्हणजे घरें पाडणें आलें. गेडीस यांनीं गल्लीन् गल्ली पाहून दाखवून दिलें कीं, जीं घरें पडकीं व ओसाड आहेत तेवढींच काढलीं, येथें एक चौक मोकळा केला, तेथें एक विहीर साफ केली, एखादें झाड व त्याचा पार राखला, तर वारा खेळेल, उजेड येईल, खर्चहि थोडा होईल, आणि कोणी उघड्यावर पडणार नाहीं. वैद्य जसा सबंध हात न कापतां गळूं तेवढें फोडतो, तशी ही शस्त्रक्रिया.

इंदूरची हकीकत तर विस्तारानें सांगण्यासारखी आहे. तुकोजीराव होळकर महाराजांच्या कारकीर्दींत, 1917-18 च्या सुमारास, ते इंदुरास होते. शहरांत प्लेग होता, आणि हा दाढीवाला साहेब नकाशा घेऊन गल्लोगल्लीं हिंडतो त्या अर्थीं आतां घरें पडणार, अशी धास्ती लोकांना होती. बायका त्याच्याकडे बोट दाखवून शिव्याशाप देत म्हणतात. गेडीस यांनीं महाराजांना विनंती केली कीं, दिवाळीच्या एका दिवसापुरतें राज्य मला द्या. तें मिळालें. मग दवंडी पिटली गेली कीं, यंदाची मिरवणूक नेहमींच्या रस्त्यानें जाणार नाहीं. ज्या आळीनें घरें-अंगणें सर्वांत अधिक स्वच्छ केलीं असतील त्या आळींतून जाईल. झालें! जो तो झाडूं लागला, भिंती सारवूं लागला, रंगवूं लागला, आणि गाड्यांमागून गाड्या केर शहराबाहेर गेला. मिरवणुकींत हत्ती होते, घोडे होते, कारागीर होते. त्यांच्याबरोबर घाणीचा एक राक्षस व प्लेगचा एक प्रचंड उंदीर निघाला, आणि शेवटीं दोघांचेंहि दहन झालें. पण सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, शहर झाडणारे भंगीबंधु शुभ्र कपडे घालून, गळ्यांत हार घेऊन, धुतलेल्या-सजविलेल्या गाड्यांसह त्या मिरवणुकींत मानानें चालले. ज्यांची सावलीहि लोक टाळीत त्यांना त्या दिवशीं सबंध शहरानें पाहिलें. या प्रसंगाला कोणी करमणूक म्हणेल. शिक्षकाच्या दृष्टीनें तो सबंध शहराचा भरलेला वर्ग होता. इंदूर दरबारला सादर केलेला त्यांचा अहवाल 1918 सालीं दोन खंडांत निघाला, आणि त्यांतला बराच भाग मध्य हिंदुस्थानासाठीं एक विद्यापीठ कसें असावें याविषयीं आहे. रस्ते आणि गटारें यांच्या अहवालांत विद्यापीठ कशाला, हा प्रश्न दरबारांतील कित्येकांना पडला असेल. गेडीस यांच्या लेखीं तीं दोन कामें नव्हतीं.

अशी कीर्ति पाठीशीं घेऊन ते मुंबई विद्यापीठांत आले. मध्यंतरीं 1917 सालीं थोरला मुलगा महायुद्धांत पडला होता, आणि त्याच सालीं पत्नीचें हिंदुस्थानांतच देहावसान झालें होतें. या दुहेरी आघातानंतर पासष्टाव्या वर्षीं परक्या देशांत नवा विषय उभा करणें, हें सामान्य माणसाचें काम नव्हे.

त्यांच्या शिकवणुकीचें सूत्र तीन शब्दांचें होतें: स्थळ, काम, लोक. ल प्ले नांवाच्या फ्रेंच पंडितापासून त्यांनीं तें उचललें होतें. तरुणपणीं मेक्सिकोंत असतांना त्यांची दृष्टि कांहीं काळ जवळजवळ गेली होती. त्या अंधारांत, खिडकीच्या तावदानांच्या चौकटींवरून बोटें फिरवीत असतां, विचार चौकटींत मांडण्याची कल्पना सुचली असें सांगतात. कागदाला घड्या घालून नऊ घरें पाडावयाचीं. तिरप्या ओळींत स्थळ, काम व लोक हीं तीन घरें. उरलेल्या घरांत त्यांचे परस्परसंबंध. स्थळानें लोकांना कोणतें काम दिलें? त्या कामानें स्थळाचें काय केलें? लोकांनीं स्थळाला काय दिलें? एवढीं घरें भरल्यावांचून पेन्सिल उचलावयाची नाहीं. आधीं पाहणी, मग निदान, आणि आराखडा सर्वांच्या शेवटीं. आज हें वाक्य नगररचनेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत आहे, आणि म्हणूनच कदाचित् त्याची धार गेली आहे.

या वर्गांत बसणाऱ्या तरुणांपैकीं एक होते गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचे, संस्कृतांत नाणावलेले. गेडीस यांच्यासाठीं त्यांनीं मुंबई या नागर केंद्रावरच निबंध लिहिला. गेडीस यांनीं त्यांची पारख केली आणि विद्यापीठानें त्यांना विलायतेस धाडलें. ते केंब्रिजहून पदवी घेऊन परत आले. गेडीस यांनीं प्रकृतीच्या कारणानें 1924 सालीं मुंबई सोडली, आणि त्याच सालीं विभागाची सूत्रें घुर्यांच्या हातीं आलीं.

येथून नगरशास्त्र मागें पडलें. जाति, वंश, कुटुंब, धर्म या विषयांवर घुर्यांनीं उभें केलेलें काम डोंगराएवढें आहे. जातिसंस्थेवरील त्यांचा 1932 सालचा ग्रंथ अजून वाचला जातो, आणि इरावती कर्वे, श्रीनिवास अशीं माणसें त्यांच्या हाताखालून गेलीं. परंतु शहराचा नकाशा आणि समाजाचा अभ्यास यांचा जो सांधा गेडीस यांना जुळवावयाचा होता तो निखळला. अभियंते आपल्या महाविद्यालयांत रस्त्यांचे उतार शिकत राहिले, समाजशास्त्रज्ञ आपल्या ग्रंथालयांत नात्यांचे तक्ते मांडीत राहिले, आणि दोघांची गांठ पडेनाशी झाली. याचा दोष पुष्कळ जण घुर्यांना देतात. तो अन्याय आहे. गेडीस यांचें शिकविणें ज्यांनीं ऐकलें त्यांनींच लिहून ठेवलें आहे कीं त्यांचा आवाज दाढींतच विरे. वाक्य सुरू होई, वाटेंत तीन फांटे फुटत, आणि मूळ वाक्य तसेंच राही. नेमलेलें पुस्तक नाहीं, परीक्षेवर विश्वास नाहीं, मधून मधून जेरुसलेमचीं वगैरे कामें. अशा गुरूजवळ एखादा घुर्ये तयार होतो. पण नगरपालिकेंत नोकरी करूं इच्छिणाऱ्या साध्या विद्यार्थ्याला पदरीं घेऊन जाण्यासारखें कांहीं मिळत नाहीं. शिक्षक प्रतिभावान असावा हें खरें. परंतु त्याच्या मागून येणाऱ्या सामान्य शिक्षकाला तोच विषय शिकवितां आला पाहिजे, अशी कांहीं मांडणी त्यानें करून ठेवली पाहिजे. ती गेडीस यांनीं केली नाहीं. घुर्यांनीं मागें राहिलेल्या पसाऱ्यांतून जेवढा शिकवितां येण्याजोगा होता तेवढा घेतला.

बीं मात्र अगदींच वायां गेलें नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत धनंजयराव गाडगीळ यांनीं पुणें शहराची जी सामाजिक व आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग 1945 सालीं व दुसरा 1952 सालीं बाहेर पडला. घुर्यांनीं स्वतः उतारवयांत पुण्याजवळील लोणीकंद गांव पुन्हां तपासलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एका इंग्रज डॉक्टरानें त्याच गांवाची पाहणी लिहून ठेवली होती, तिच्याशीं आजचें गांव ताडून पाहिलें, आणि 1960 सालीं तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. स्वातंत्र्यानंतर दिल्लीस 1955 सालीं नगर व ग्रामरचनेची शाळा निघाली. आतां पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेंत, आणि इतरत्रहि हा विषय रीतसर शिकविला जातो. महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 सालचा. म्हणजे अध्यासनें आहेत, कायदा आहे, आणि उपग्रहानें काढलेले नकाशे विद्यार्थ्याच्या बोटाखालीं आहेत. मग उणीव कोठें आहे?

ती पाहण्यासाठीं यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे, झरी-जामणी तालुक्यांतील मुकुटबनला जावें. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें गांव. गेडीस यांच्याजवळ शिकविण्याची एक फार आवडती आकृति होती: नदीच्या खोऱ्याचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोरें उभें कापलें असें समजावयाचें. मग वरून खालीं क्रमानें खाणकरी, लांकूडतोड्या, शिकारी, धनगर, शेतकरी, माळी आणि कोळी भेटतात. प्रत्येक धंद्याचा स्वभाव निराळा, घर निराळें, देव निराळे. आणि या सर्वांच्या गांठीभेटींतून बाजार व नगर जन्मास येतें. मुकुटबनच्या शिवारांत ही आकृति थोडी उलटीपालटी होऊन एकाच जागीं उभी आहे. वर कपाशीची काळी जमीन. तिच्याखालीं चुनखडी, जिला भूगर्भशास्त्रांत पैनगंगेचेंच नांव आहे. आसपास कोळशाचे थर. बाजूला सागाचें जंगल. आणि जंगलाच्या कडेनें कोलामांचे पोड. पाणी वाहतें तें पैनगंगेकडे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीच्या ओंजळींतून पूर्वसमुद्राला पोंचते. कानावर मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगु पडते. शेतकरी, वनवासी आणि खाणकरी हे तिघेहि येथें एकाच रस्त्यावर भेटतात.

या गांवीं 2022 सालीं वर्षाला 39 लक्ष टन सिमेंट काढण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला. चुनखडी आहे, कोळसा आहे, लोहमार्ग आहे. कारखाना येथें यावा हें स्वाभाविकच होतें, आणि तो आल्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. विदर्भांतील तरुणांना घराजवळ काम हवें आहे. प्रश्न एवढाच कीं, कारखान्याचा आराखडा तज्ज्ञांनीं काढलेला असतो, त्यांत धुराडें कोठें व रुळ कोठें तें हातभर चुकत नाहीं. भोंवतीं जें गांव वाढूं लागतें त्याचा आराखडा कोण काढतो? आणि ज्यानें काढावयाचा त्यानें तो कोठें शिकावा?

समजा, नागपूरच्या वीस विद्यार्थ्यांचा वर्ग पंधरा दिवस मुकुटबनला नेला. नियम एकच: पहिले पांच दिवस कागदावर रेघ मारावयाची नाहीं. पहांटे पाण्याला कोण बाहेर पडतें, किती दूर जातें, कोणती विहीर चैत्रांत आटते, तें पाहावयाचें. मालमोटारींचा रस्ता आणि मुलांचा शाळेचा रस्ता एकमेकांना कोठें छेदतात तेथें तासभर उभें राहावयाचें. बाजाराच्या दिवशीं पोडांवरून येणारी बाई कोणत्या वाटेनें येते, माल कोठें मांडते, दुपारीं सावली कोणत्या झाडाची घेते, तें पाहावयाचें. कारण रस्ता रुंद करतांना पहिलें पडतें तें तेंच झाड. परगांवच्या कामगाराला खोली कोण देतो? ती खोली पूर्वीं गोठा होती का? जमीन विकून आलेला पैसा कोठें गेला, घरांत, मोटारसायकलींत, कीं मुलांच्या शिक्षणांत? धूळ कोणत्या महिन्यांत कोणत्या दिशेला बसते? हे सारे प्रश्न स्थळ, काम आणि लोक यांच्या नऊ घरांतले आहेत, आणि यांतील एकाचेंहि उत्तर उपग्रहाच्या चित्रांत सांपडत नाहीं. आजच्या अभ्यासक्रमांतहि गांवची पाहणी असते हें मान्य केलें पाहिजे; परंतु ती पुष्कळदां छापील प्रश्नपत्रिका घेऊन होते, दारांत उभें राहून भरली जाते, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जाते. गांवाला त्या पाहणींतून काय मिळालें, तें गांवाला कळत नाहीं.

परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न गेडीस यांनीं टाळला. तो टाळून चालणार नाहीं. विद्यार्थ्यांचा नकाशा चावडींत किंवा शाळेच्या भिंतीवर लावावा. पाटी-पेन्सिल न धरलेल्या एखाद्या वृद्ध कोलामाला त्याच्यावर आपला पोड, आपली वाट आणि आपलें देवस्थान दाखवितां आलें, तर अर्धे गुण द्यावे. उरलेले अर्धे अभियंत्यानें द्यावे: नाल्याचा उतार बरोबर धरला आहे का, गटाराचें पाणी चढावर तर नेलें नाहीं ना, खर्चाचा अंदाज गांवाच्या उत्पन्नाशीं जमतो का. या दोन परीक्षकांपैकीं एकाला वगळलें कीं पुन्हां जुनेंच होणार. एकट्या अभियंत्यानें तंजावरचे सरळ रस्ते काढले असते. आणि नुसत्या सहानुभूतीनें नळाला पाणी येत नाहीं.

असा वर्ग भरवावयाचा तर तो वर्षांतून दोनदां भरला पाहिजे. एकदां दिवाळीनंतर, कापूस वेंचणीच्या दिवसांत, जेव्हां माणसें शेतावर असतात व गांवाची कमाई डोळ्यांना दिसते. आणि दुसऱ्यांदा श्रावणांत, चिखल तुडवीत. महाविद्यालयें पावसाळ्यांत सहली काढीत नाहींत. पण नाल्याला पूर कोठपर्यंत येतो आणि नवी वसाहत त्या रेषेच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, तें मार्गशीर्षांतल्या कोरड्या नाल्यावरून कळत नाहीं.